ब्रेक के बाद...

सध्या आमच्या ऑफिसात जो तो अपग्रेडच्या मागे लागलाय. कुणाला फोन बदलायचाय, कुणाला वन बीएचकेचं टू बीएचके करायचंय, कुणाला थेट कंपनीच बदलायचीय. लंच टेबलवर दुसरा विषय नाही. मीही त्याच रांगेत होतो. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरातच एक असं अपग्रेड झालं, की बाकीच्या सगळ्यांनी त्याच्यापुढे पाणी भरावं.

माझ्या मामेभावानं चाकं आणि ब्रेक बदलले.

त्यात काय एवढं, असं म्हणाल. थांबा. चाकं विमानाची. विमान त्याचं स्वतःचं. आणि ते त्यानं स्वतःच्या हातांनी, घराच्या गॅरेजमध्ये बांधलेलं!

दादा (आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो) मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला. गेली पंधरा वर्षं अमेरिकेत, ओहायोमध्ये. दिवसभर सॉफ्टवेअर आणि रात्री गॅरेजमध्ये रिव्हेट मारणं, असा त्याचा दिनक्रम. तिकडे विमानाचं किट मिळतं. पत्रे, सांगाडा, नटबोल्टच्या पिशव्या, असं सगळं खोक्यांतून घरी येतं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलं असेल, तर ते विमान 'एक्सपेरिमेंटल' प्रकारात नोंदवता येतं. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. दादानं सहा वर्षं खपून दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान उभं केलं आणि चाचण्यांसाठी घराजवळच्या एका छोट्या विमानतळावर नेलं.

आपल्याकडे असलं काही कुठे होतं, असं वाटत असेल तर कॅप्टन अमोल यादव आठवा. मुळातलं घराणं साताऱ्याचं, नोकरी तेव्हा जेट एअरवेजमध्ये पायलटची. या माणसानं कांदिवलीच्या चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. गच्चीपासून धावपट्टीपर्यंत कित्येक वर्षं गेली. कागदपत्रांसाठी वेगळी, पत्र्यासाठी वेगळी.

आणि कोल्हापूरला तर असल्या गोष्टींचं नवल वाटायलाच नको. विलायती कॅमेरा परवडत नाही म्हणून बाबूराव पेंटरांनी इथेच, स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला, आणि त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. इथे माणसं वस्तू विकत घेण्याआधी 'हे आपल्याला करता येईल का?' असा विचार करतात. उसाचे घाणे, ऑइल इंजिनं, मोटारींचे कास्टिंग यांवर हे गाव वाढलंय.

माझा मामा या सगळ्याचा जिवंत नमुना. उद्यमनगरात त्याचं लेथचं शॉप. चाळीस वर्षं ट्रकच्या ब्रेक ड्रमना कट मारण्यात गेली. आपल्यानंतर लेथवर पोरगा उभा राहील, अशी त्याची साधी अपेक्षा. पोरगा गेला कॉम्प्युटरकडे आणि तिथून अमेरिकेला. भांडण झालं नाही, पण बोलणंही आटलं. फोनवर दादा आणि मामी बोलणार, मामा पलीकडच्या खोलीत पेपर वाचणार. विमानाचे फोटो आले तेव्हा मामी सगळ्या गल्लीला दाखवून आली. मामानं चष्मा वर करून एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उडंल की. पण थांबणार कसं?"

तेव्हा आम्ही हसलो होतो.

मग उन्हाळ्यात ते झालं. दादाचं विमान अजून उडालं नव्हतं, टॅक्सी टेस्ट चालू होत्या. म्हणजे विमान जमिनीवरच चालवून बघायचं. त्याच्या विमानाचं पुढचं चाक शॉपिंग ट्रॉलीच्या चाकासारखं मोकळं फिरतं, त्याला स्टिअरिंग नाही. मग वळायचं कसं? तर मागच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात. पेडलच्या वरच्या भागावर डाव्या पायाचा चवडा दाबला की डावं चाक अडतं, उजव्याचा दाबला की उजवं. ज्या बाजूचं चाक अडलं, त्या बाजूला विमान वळतं. थोडक्यात, जमिनीवर सावकाश चालताना ब्रेक हेच स्टिअरिंग!

त्या दिवशी वारा डावीकडून होता. विमानाची शेपूट उंच असते, त्यामुळे ते वाऱ्याकडे तोंड वळवू बघतं. सरळ जायला दादानं उजवा ब्रेक दाबून धरला. पुढे दोनेक किलोमीटर तो पाय तसाच! परत फिरताना उजव्या चाकातून धूर आला, पेडल एकदम पोकळ होऊन खाली गेलं आणि विमान वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडे फिरलं. डावा ब्रेक लावून उपयोग नव्हता, तो आणखी डावीकडेच नेणार. दादानं इंजिन बंद केलं, विमान गवतात जाऊन थांबलं, आणि हा आग विझवण्याचा सिलिंडर घेऊन बाहेर उडी मारून उभा राहिला. आग लागली नाही. फक्त धूर निघाला.

दादानं हे मला एकट्याला सांगितलं होतं. मी मूर्खासारखं मामीला सांगितलं. मामीनं दोन दिवस जेवण सोडलं आणि फोनवर एकच वाक्य लावून धरलं, "ते विमान विकून टाक."

त्या रविवारी मी कोल्हापुरात होतो. सकाळी सातला मामा माझ्या उशाशी उभा.

"ऊठ. त्याला फोन लाव. व्हिडिओचा."

आमची रविवार सकाळ म्हणजे दादाची शनिवार रात्र. तो अजून हँगरमध्येच होता, चाक उघडून बसलेला. स्क्रीनवर आबांना, म्हणजे मामाला, बघून तो दचकलाच. मामानं 'कसा आहेस' वगैरे काही विचारलं नाही.

"डिस्कचा रंग काय झालाय?"

"निळी पडलीय आबा. कडेला जास्त."

"मग ती गेली. काढून टाक. आणि सील?"

"रबर कडक झालंय. तिथूनच तेल गळलं."

"गळून तापल्याल्या डिस्कवर पडलं आणि धूर झाला. तेल कुठलं हाय?"

मंडळी, मी वीस मिनिटं नुसता फोन धरून उभा होतो. बाप-लेक एका चाकावर बोलत होते आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. मामी दाराआड उभी राहून ऐकत होती.

पुढचे आठ-दहा रविवार हाच कार्यक्रम. त्यात मला जे कळलं ते सांगतो, कारण मी इंजिनिअर असूनही मला हे माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट, ब्रेक थांबवत नाही. ब्रेक वेगाची उष्णता करतो. बस, एवढंच त्याचं काम. दादाचं विमान माणसांसकट साधारण ८०० किलो. ५० नॉट्सनं, म्हणजे ताशी ९३ किलोमीटरनं ते टेकलं आणि सगळा वेग ब्रेकनंच मारायचा म्हटला, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर एक लिटर पाणी २५ अंशांवरून ८८ अंशांपर्यंत तापेल. चहाचं आधणच की! आणि हे आधण ठेवायचं कुठे? तर दोन डिस्कवर. पोलादाची गंमत अशी, की तेवढीच उष्णता दिली तर ते तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या नऊपट तापतं. त्यातून चाकाची रिम फक्त ५ इंचांची. आपल्या स्कूटरची सुद्धा १० इंचांची असते! शिवाय हवा कमी अडावी म्हणून चाकावर फायबरचं टोपण असतं, त्यात उष्णता कोंडून राहते.

दुसरी गोष्ट, उष्णता वेगाच्या वर्गानं वाढते. ५० नॉट्सऐवजी ६० नॉट्सनं टेकलात, तर वेग २० टक्के जास्त आणि उष्णता ४४ टक्के जास्त. त्यामुळे पायलटनं वेग नीट सांभाळला, तर ते सगळ्यात स्वस्त ब्रेक अपग्रेड. त्याला एक पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. मामाचं म्हणणं, "आपलं गाडीचं ब्रेक ऑइल घाल की, ते काय तापून पेटत न्हाई लगेच." इथे दादानं पहिल्यांदा बापाला अडवलं. छोट्या विमानांच्या ब्रेकमध्ये लाल रंगाचं खनिज तेल असतं आणि सील त्या तेलाला चालणाऱ्या रबराचे. त्यात गाडीचं ब्रेक ऑइल गेलं, तर सील फुगून खराब होतात. मामानं ऐकून घेतलं. मग दोघांनी मधला रस्ता काढला. विमानांसाठीच बनवलेलं सिंथेटिक लाल तेल मिळतं. जुनं तेल ८०-९० अंशांच्या पुढे ठिणगीला पेट घेऊ शकतं, हे २०० अंशांच्या वर जाऊन. सीलसुद्धा जास्त उष्णता सोसणाऱ्या व्हायटॉन नावाच्या रबराचे घ्यायचे. खर्च म्हणाल तर फार नाही. पण त्या दिवशी ही दोन साधनं असती, तर कदाचित धूर निघालाच नसता.

आता खरी गंमत. दादाला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. अमेरिकन माणूस झालाय ना! त्याला कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग सेट हवा होता. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर, जबरदस्त पकड. मामानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यो बघ. ह्यानं पण हेच केल्तं."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या बाइकला पुढे भलीमोठी डिस्क बसवून घेतली होती. दिसायला नाद खुळा! पहिल्या पावसात रंकाळ्याच्या कडेला कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी अडलं, आणि मी बाइकशिवाय पुढे गेलो. कोपर अजून पावसाळ्यात दुखतं. डिस्कचा दोष नव्हता. टायर तोच, जुना, गुळगुळीत. पकड रस्त्याशी टायरची असते, डिस्कची नाही. मामाच्या भाषेत, "ब्रेक टायरला इचारून लावायचा."

विमानात तर हे जास्तच. टेकल्या टेकल्या विमानाचं बरंचसं वजन अजून पंखांवरच असतं, चाकं जमिनीला नुसती शिवलेली असतात. तेव्हा जोरात ब्रेक लावला की चाक अडतं, टायर घासून एका जागी सपाट होतो, नाहीतर फुटतो. मोठ्या विमानांत असतं तसं अँटी-स्किड इथे नसतं. आणि ज्या विमानांचं छोटं चाक पुढे नसून शेपटीखाली असतं, त्यांना जास्त ताकदीचा ब्रेक म्हणजे सरळ नाकावर उलटण्याचं आमंत्रण. म्हणून टेकल्यावर आधी विमानाला स्वतःच्या ओझ्यानं आणि हवेच्या अडथळ्यानं मंद होऊ द्यायचं, वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग ब्रेक.

म्हणजे दादाला जास्त पकड नको होती. त्याला जास्त उष्णता पचवणारा ब्रेक हवा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या एका रविवारी कळलं आणि त्याचे बरेच डॉलर वाचले. मधल्या साइजचा सेट ठरला. डिस्क जाड, चाकं त्याच मापाची पण नवी, पेडलचे सिलिंडर कॅलिपरला जुळणारे आणि चाकापाशी प्लॅस्टिकच्या नळीऐवजी पोलादी जाळीचा होज.

मग बसवणं. ही चाकं दोन भागांची असतात, बशीवर बशी ठेवून बोल्ट आवळावेत तशी. उघडायच्या आधी टायरमधली हवा पूर्ण काढायची, हे मामानं तीनदा बजावलं. हवा असताना बोल्ट सोडले, तर ते दोन भाग बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. ट्यूब चिमटू नये म्हणून आत संगजिऱ्याची पावडर. बोल्ट अंदाजानं नाही, टॉर्क रेंचनं. बेअरिंगला ताजं ग्रीस, ॲक्सलच्या नटाला नवी कॉटर पिन. "जुनी कॉटर पिन सरळ करून परत घालशील तर बघ," इति मामा. ही धमकी त्यानं चाळीस वर्षं शॉपमधल्या पोरांना दिलीय.

एअर काढायच्या दिवशी मात्र मामा गोंधळला. गॅरेजमध्ये आपण वरच्या टाकीत तेल ओततो, पेडल मारतो आणि खालून हवा काढतो. दादा उलटं करत होता. खाली कॅलिपरपाशी पंप जोडून तेल वर ढकलत होता. मामा दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "बरोबर हाय की. बुडबुडा वरच जाणार. आपण उगं त्याला चाळीस वर्षं खाली ओढालोय." आणि हसला. दादाशी बोलताना मामा हसल्याचं मी तरी किती वर्षांनी बघितलं!

नवे पॅड लगेच वापरायचे नसतात, ते 'बसवावे' लागतात. ब्रेक हलका दाबून विमान चालवायचं, पॅड तापू द्यायचे, मग पाय काढून पूर्ण गार होऊ द्यायचे. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमानाचं पुन्हा वजन झालं, लॉगबुकात नोंद झाली. आणि दादानं एक सवय बदलली. पाय आता पेडलच्या खालच्या भागावर, टाच जमिनीवर. ब्रेक दाबायचा, वळायचं, सोडायचा. सतत दाबून ठेवायचा नाही. मला विचाराल तर सगळ्या सामानात हे अपग्रेड मोठं.

या काळात मामी काय करत होती? तिनं विमान विकायचा विषय हळूहळू काढेनासा केला. एका रविवारी ती स्क्रीनसमोर येऊन म्हणाली, "ह्यांनी चाकं बघितलीत ना? मग जा बाबा, उड." आमच्याकडे कुठल्याही खात्याच्या सर्टिफिकेटपेक्षा याला वजन जास्त.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दादा उडाला. एकटाच, कारण सुरुवातीच्या चाचण्यांत सोबत कुणी हौस म्हणून बसू शकत नाही. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले. तांबडा-पांढरा ताटात निवत चालला होता आणि कुणी हात लावत नव्हतं. अर्धा तास. चाळीस मिनिटं. मामा उठून गॅलरीत गेला. तिकडून उजळाईवाडीचा विमानतळ दिसत नाही, पण उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसतात. तो तिकडेच बघत उभा राहिला.

फोन वाजला. मामीनं आधी 'जेवलास का' विचारलं, मग रडली. मग फोन मामाकडे.

मला वाटलं, आता तरी विचारेल, वरून कसं दिसलं, भीती वाटली का. मामा म्हणाला,

"किती फुटांत थांबलं?"

"हजारभर फुटांत आबा. पण ब्रेक फारसा लावलाच नाही. गरजच पडली नाही."

"डिस्क?"

"पांढरी. चकचकीत. हात लावून बघितला, जरा कोमट आहे."

मामा थोडा वेळ काही बोलला नाही.

"मग बरोबर बसलाय ब्रेक," म्हणाला. "आता जेव."

मागे कधीतरी वाचलं होतं, राइट बंधूंचा धंदा सायकलींचा, पण १९०३ चं त्यांचं विमान मात्र बिनचाकाचं होतं. रुळावरच्या गाड्यावरून उडायचं आणि लाकडी पट्ट्यांवर घसरत उतरायचं. उडण्याचं वेड आधी येतं आणि थांबायचं कसं हे मागाहून सुचतं, त्याला आता सव्वाशे वर्षं होत आली. आमच्या लंच टेबलवर वेगळं काय चाललंय? हाइक किती, ईएमआय किती, पुढची उडी कुठे. उतरल्यावर उष्णता कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही.

मी नव्या फोनचा बेत तूर्तास पुढे ढकललाय. गेल्या शनिवारी बाइक मामाच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे टाकली आणि दोन्ही टायर बदलून घेतले. बिल बघून जरा कळवळलो. डिस्क तीच ठेवलीय.

येत्या मार्चमध्ये मामा-मामी ओहायोला जाणार आहेत. दोघांचा पहिलाच विमानप्रवास. मामी लोणच्याच्या बरण्या मोजतेय. मामानं बॅगेत काय काय भरलंय कुणास ठाऊक, पण काल मला फक्त एक गोष्ट आणायला सांगितली.

कॉटर पिनांचा एक डबा.